मेहुणा कलमात बसत नाही

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणजे आपण काय काय नाही आहोत, हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं. थकबाकीदार नाही, सरकारी जागेवर अतिक्रमण नाही, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नाही. एकच गोष्ट 'आहे' म्हणून सिद्ध करायची असते. घरात शौचालय आहे आणि आपण ते नियमित वापरतो. नुसतं बांधून त्यात गोवऱ्या रचून ठेवल्या असतील तर सदस्यपद जाऊ शकतं. लोकशाहीने माणसाच्या इतक्या आत डोकावावं का, हा वेगळा विषय आहे. पण कायदा किती बारीक नजरेचा आहे, हे त्यावरून लक्षात यावं.

या दाखल्यांच्या चळतीत आणखी एक दाखला असतो. उमेदवार ग्रामपंचायतीचा ठेकेदार नाही, असा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम १४. पंचायतीच्या कामात किंवा करारात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, त्याला सदस्य होता येत नाही आणि झाला असेल तर राहता येत नाही. काम मंजूर करणारा आणि कामाचं बिल उचलणारा एकच माणूस नसावा, इतकी ही साधी अपेक्षा आहे. महापालिकांना, नगरपालिकांना, जिल्हा परिषदांनाही असंच कलम आहे. मुंबई महापालिकेचा कायदा तर १८८८ सालचा आहे. म्हणजे ही अपेक्षा आपल्याकडे नवी नाही. पूर्ण व्हायची तेवढी राहिली आहे.

हा दाखला देतात भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. सरकारने २०२४ मध्ये त्यांचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. ज्या माणसासोबत पुढची वर्षं काढायची, ज्याच्या सहीला आपली सही लावायची आणि ज्याने मनात आणलं तर बदलीसाठी तालुक्याला हेलपाटे घालायला लावायचे, त्याच्याच स्वच्छतेचं प्रमाणपत्र भाऊसाहेबांनी द्यायचं. भाऊसाहेब रजिस्टर उघडतात. गेल्या काही वर्षांची बिलं बघतात. तिथे नावं असतात ती देवांची. गणपतीच्या नावाचं ट्रेडर्स, दत्ताच्या नावाचं एंटरप्रायजेस, कुलस्वामिनीच्या नावाचं कन्स्ट्रक्शन. यातला एकही देव निवडणुकीला उभा नसतो. भाऊसाहेब निर्धास्तपणे शिक्का मारतात.

आता या देवस्थानांचा पुजारी कोण, ते बघू.

पहिला मान मेहुण्याचा. बायकोचा भाऊ असल्यामुळे तो घरचा असतो, आडनाव वेगळं असल्यामुळे बाहेरचा असतो. कायद्याच्या दृष्टीने याहून सोयीचं नातं आजवर सापडलेलं नाही. सख्खा भाऊ चालत नाही. आडनाव एक, रेशनकार्ड कधीकाळी एक, आणि वाटणीवरून भांडण झालं तर तोच तक्रार करणार. मुलगा अजून शिकतोय, निदान तसं सांगितलं जातं. भाचा बरा, पण भाच्याला फार लवकर स्वतःचं डोकं फुटतं. साडू विश्वासू असतो, कारण दोघांनाही सासरी एकाच पंगतीला बसायचं असतं. त्यानंतर येतो ड्रायव्हर. ज्या ड्रायव्हरच्या नावावर सिमेंट रस्त्याचं काम आहे, तोच साहेबांची गाडी त्या रस्त्याच्या खड्ड्यांतून सांभाळून काढतो. आपल्या कामाचा दर्जा इतक्या जवळून अनुभवणारा कंत्राटदार दुसरा नसेल.

मजूर सहकारी संस्थांचं प्रकरण याहून रसाळ आहे. काम वाटपाचं आपल्याकडे एक सूत्र होतं, ३३:३३:३४. एक वाटा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, एक मजूर संस्थांना, उरलेला खुल्या कंत्राटदारांना. हेतू उत्तम. मजुरांनी एकत्र यावं, मधला ठेकेदार गळावा, घामाचे पैसे घाम गाळणाऱ्याला मिळावेत. काही संस्था तशा असतीलही, त्यांना नमस्कार. पण जिल्ह्याच्या ठिकाणी मजूर फेडरेशनची निवडणूक लागली की कार्यालयाबाहेर थांबलेल्या गाड्या बघाव्यात. मजुरांची इतकी प्रगती जगात दुसरीकडे कुठे झाली असेल, असं वाटत नाही.

छोट्या कामांना टेंडरची भानगड नसते, तिथे तीन दरपत्रकं पुरतात. या तीन दरपत्रकांवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. तीन वेगवेगळ्या दुकानांची, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवरची, पण 'एलईडी' या शब्दात तिघांनीही तीच चूक केलेली. पहिल्याचा दर सर्वात कमी. दुसऱ्याचा त्याहून थोडा जास्त. तिसऱ्याचा इतका जास्त, की त्याला धंदा करायचाच नसावा. हा तिसरा व्यापारी मला नेहमी हळवा करतो. वर्षानुवर्षं बिचारा दर भरतो, वर्षानुवर्षं हरतो आणि तरीही पुढच्या वेळी तितक्याच उमेदीने हजर असतो. आणि लेटरहेडवर एका ओळीत धंद्याचं स्वरूप: पथदिवे, फिनेल, खेळाचं साहित्य, मोटर रिवाइंडिंग, अंगणवाडीची खेळणी व झेरॉक्स.

महिला आरक्षणामुळे घरातल्या घरात एक नवी सोय झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखल्या. निर्णय मोठा होता आणि त्यातून पुढे आलेल्या अनेक बायकांनी भल्याभल्यांना घाम फोडला. पण जिथे बाईंना सहीपुरतं ठेवलं, तिथे 'सरपंचपती' नावाचं एक पद राज्यघटनेच्या बाहेर आपोआप जन्माला आलं. या पदाला निवडणूक नाही, मानधन नाही, दाखले लागत नाहीत, शौचालयही लागत नाही. सह्या आता डिजिटल झाल्या आहेत. पंचायतीचे पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी निघतात आणि त्या सहीचं बोटाएवढं यंत्र पुष्कळ ठिकाणी पतिराजांच्या खिशात असतं, गाडीच्या किल्लीला अडकवलेलं. विचारलं तर म्हणतात, "मी काय, फक्त हिला मदत करतो."

इथे न्यायालयाचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे, कारण नातं आणि हितसंबंध यांची गाठ सोडवताना भल्याभल्यांची दमछाक झाली आहे. १९६६ मध्ये वऱ्हाडातल्या एका नगरपालिकेच्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या जकात नाक्यावर मोहरर, म्हणजे कारकून, होता. मग बापाचा त्या नोकरीत हितसंबंध धरायचा का? न्यायालयाने सांगितलं, नुसतं रक्ताचं नातं पुरेसं नाही, आर्थिक हितसंबंध दाखवावा लागेल. तो आडून असला तरी चालेल, पण असला पाहिजे. कायदा म्हणून हे अगदी रास्त आहे. उद्या गावातल्या प्रत्येकाचं नातं धरायचं म्हटलं तर पंचायत चालवायला परगावाहून माणसं आणावी लागतील. पण या निकालाचा आनंद ज्या ज्या मेहुण्यांपर्यंत पोचला, त्यांनी तो मनात जपून ठेवला असणार.

गोव्यात मात्र नवऱ्याची पंचाईत आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. एका पंचायत सदस्य बाईंच्या नवऱ्याने त्याच पंचायतीचं काम घेतलं होतं. वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उत्तर आलं की गोव्याच्या कायद्याने नवऱ्याच्या त्या कमाईत बाईंचा निम्मा हिस्सा आहेच. म्हणजे हितसंबंध आहे. म्हणजे पद गेलं. दोडामार्गाच्या अलीकडे बाई म्हणू शकतात, "त्यांचा धंदा त्यांना माहीत." मग ते खोटं आहे हे समोरच्याने पुराव्यानिशी दाखवायचं. दोडामार्गाच्या पलीकडे कायदाच सांगतो, "बाई, अर्धा तुमचा." लग्नाच्या गाठीला इतकं गांभीर्याने घेणारा कायदा महाराष्ट्रात आणायचा ठरवला तर पहिला मोर्चा ठेकेदार संघटनेचा निघेल.

आणि आता गंमत बघा. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका सदस्य बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी जागेवरचं अतिक्रमण सासरच्या माणसांनी केलेलं, तेही या बाई निवडून येण्याच्या कितीतरी आधी. न्यायालय म्हणालं, केलं कुणीही असेल, त्या घरात तुम्ही राहता ना? मग तुम्हीही अपात्र. सासऱ्याने ओटा पुढे काढला तर सुनेचं पद जातं. मेहुण्याने अख्खा रस्ता केला, आणि पहिल्या पावसात तो वाहूनही गेला, तरी दाजींच्या पदाला ओरखडा येत नाही. ओटा हलत नाही, मोजता येतो, त्याचा पंचनामा करता येतो. मेहुणा हलतो. पंचनाम्याच्या दिवशी तर तो परगावीच असतो.

शहरात कायदा आणखी वळणदार होतो. महापालिकेचं कंत्राट घेतलं तर नगरसेवकपद जातं, पण काही गोष्टींना सूट आहे. जमिनीच्या खरेदी-विक्रीला सूट. ज्या वर्तमानपत्रात महापालिकेच्या जाहिराती येतात, त्यातल्या भागीदारीला सूट. कंपनीतल्या शेअरला सूट. म्हणूनच की काय, आपल्या शहरांत नेत्यांना जमीन आणि साप्ताहिक या दोनच गोष्टींची मनापासून आवड असते. साप्ताहिक दर आठवड्याला निघतंच असं नाही, पण वाढदिवसाला निघतं. अट एवढीच, की जिथे असा हितसंबंध असेल त्या विषयावर सभागृहात मत द्यायचं नाही, चर्चा करायची नाही, प्रश्नसुद्धा विचारायचा नाही. पाच वर्षं तोंड न उघडणाऱ्या नगरसेवकाला आपण उगाच निष्क्रिय म्हणतो. सगळ्याच विषयांत हितसंबंध असेल तर तो बिचारा बोलणार कधी?

बिलातल्या पैशांचं मला तितकं वाईट वाटत नाही. ते निदान मोजता येतात. खरी गंमत अशी की हितसंबंधामुळे माणसाची दृष्टीच बदलते. ज्याच्या मेहुण्याचा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे, त्याला वॉर्डात जिथे तिथे धूळ दिसते. देवळासमोर ब्लॉक, शाळेसमोर ब्लॉक, स्मशानात ब्लॉक. झाडाच्या बुंध्याभोवतीही ब्लॉक, मग झाड वाळतं, मग तिथे बसायला बाकडं, तेही ब्लॉकवर. दोन वर्षांनी ते सगळे उखडून नवे, कारण रंग जुना झाला. ज्याचे टँकर आहेत त्याला पाइपलाइनची योजना 'तांत्रिकदृष्ट्या घाईची' वाटते. टँकरवाल्याकडे पाणीपुरवठा समिती देणं म्हणजे पावसाची प्रार्थना छत्रीवाल्याकडून करून घेणं. ज्याने रिंगरोडच्या बाजूला जमीन घेऊन ठेवली आहे त्याला शहराचं भवितव्य नेमकं त्याच दिशेला दिसतं. विकास आराखड्यातला रस्ता सरळ येत येत एका ठिकाणी का वळतो, याचं कारण नकाशावर सापडत नाही. सात-बारावर सापडतं. यातला कुणी खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. त्यांना खरोखरच तसं दिसत असतं.

मग या सगळ्यावर लक्ष कोण ठेवतं? कागदावर पुष्कळ जण. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० सालचा आहे. लेखापरीक्षक येतात, आक्षेप लिहितात. 'तीनही दरपत्रके एकाच हस्ताक्षरात आढळून आली, खुलासा करावा.' खुलासा होतो. त्यावर पुन्हा आक्षेप, पुन्हा अनुपालन. तोवर रस्ता खडी होऊन शेतात गेलेला असतो आणि सरपंच जिल्हा परिषदेत. राज्यात लोकायुक्त आहेत. त्यांचा कायदा आपण १९७१ मध्येच केला, देशात आघाडी घेऊन. केरळने पंचायती आणि नगरपालिकांसाठी वेगळा लोकपाल नेमला. अर्धा किलोमीटर गटाराची तक्रार घेऊन थेट त्याच्याकडे जाता येतं. आपल्याकडे गटारासाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं, मग विभागीय आयुक्तांकडे अपील, मग उच्च न्यायालय. तारखा पडतात. वकील बदलतात. पाच वर्षांची मुदत संपते आणि 'प्रकरणात आता काही उरलेलं नाही' म्हणून फाइल बंद होते. ते खरंही असतं. गटारातही काही उरलेलं नसतं.

पण गावात एक दक्षता अधिकारी असतो, जो पगार घेत नाही, रजा घेत नाही आणि ज्याला कुणी नेमलेलं नसतं. तो म्हणजे पडलेला उमेदवार. आपल्या स्थानिक कारभारातली नैतिकता टिकून आहे ती बव्हंशी याच्या जिवावर. निकालाच्या रात्री गुलाल समोरून गेला की तो घरात जाऊन आधी पाणी पितो आणि मग फाइल उघडतो. कुणाच्या ओट्याची पायरी रस्त्यात आली, कुणी घरपट्टी तीन महिन्यांत भरली नाही, कुणाचं पोर कोणत्या तारखेला जन्मलं, कुणाच्या शौचालयात गोवऱ्या आहेत, कोणत्या बिलावर कुणाच्या साडूचा मोबाइल नंबर आहे, हे त्याला तोंडपाठ असतं. सरकारने दहा खाती उभी केली तरी त्यांना इतकी माहिती गोळा करता येणार नाही. भावकी हा आपला सर्वात जुना लेखापरीक्षण विभाग आहे.

त्याची एकच अडचण. त्याला गैरव्यवहाराची चीड नसते, तो दुसऱ्याच्या हातून झाल्याची असते. म्हणून ऐन सुनावणीच्या तोंडावर कधी कधी तक्रार मागे घेतली जाते. 'गैरसमजुतीने अर्ज केला होता, आता समजूत पटली आहे.' समजूत साधारण दोनशे मीटर लांबीची, बंदिस्त गटार स्वरूपाची असते. आणि तीही त्याच्या भाच्याच्या नावावर.

याला आपण सगळे सामील आहोत, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. ग्रामसभेतला हा संवाद कुठल्याही गावात ऐकू येईल.

"अण्णा, गटाराचं काम कुणाला दिलं?"

"रीतसर कोटेशन मागवून दिलं."

"ते तुमचे साडू ना?"

"साडू झाला म्हणून त्यानं उपाशी मरायचं काय?"

सभा हसते. आणि हसता हसता तिला पटतंही. कायदा नात्याकडे संशयाने बघतो, गाव त्याच नात्याकडे कर्तव्य म्हणून बघतं. सत्तेवर बसून बहिणीच्या पोराला चार पैशांचं काम न देणाऱ्या मामाला लोक प्रामाणिक म्हणत नाहीत, कंजूष म्हणतात. 'एवढा सभापती झाला, घरच्यांसाठी काय केलं?' हा प्रश्न मतदारच विचारतो. मेहुण्याला कलमात बसवायचं तर आधी त्याला आपल्या मनातून उठवावं लागेल. तो तिथे चांगला मांडी घालून बसला आहे.

मध्यंतरी एक प्रयोग आपोआप झाला. २०२२ पासून काही वर्षं मुंबईसह कित्येक महापालिका आणि जिल्हा परिषदांमध्ये निवडून आलेलं कुणी नव्हतंच, सगळा कारभार प्रशासकांकडे. नगरसेवक नाहीत म्हणजे नगरसेवकांचे हितसंबंध नाहीत. शुद्धतेची ही परिसीमा म्हणायची. खड्डे होते तिथेच होते आणि पेव्हर ब्लॉकही दर दोन वर्षांनी उखडत होते. मेहुण्यांना कळलं की दाजी बदलले तरी धंदा चालू राहतो.

एक जागा मात्र आहे, जिथे हे सगळं फुकट बघायला मिळतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभा. शंभर माणसं किंवा मतदारांच्या पंधरा टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं जमलं की कोरम होतो. आपण झेंड्याला जातो, खाऊ घेतो आणि घरी येऊन झोपतो. सभा कोरमअभावी तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अटच नाही. तिथे मग मोजकी माणसं बसतात, बिलांना मंजुरी मिळते आणि इतिवृत्तात लिहिलं जातं, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते.' तेव्हा पुढच्या वेळी झेंडावंदन झाल्यावर थोडं थांबा. कामाचं बिल कुणाच्या नावाने निघालं आणि तो कुणाचा कोण, एवढे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहायला लावा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. मोजमाप पुस्तिकेची प्रत पानाला २ रुपयांनी मिळते. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, असा महाराष्ट्राचा नियम आहे, त्यामुळे मेहुण्याचं वर्णन थोडक्यात करा.